अनोळखी व्यक्ती : सेहेचाळीस टक्के

सातवीतल्या सार्थक मगदूमचा गोबरगॅसचा प्रकल्प अडतीस टक्के म्हशीनं केलेला निघाला, तेव्हा हरणवाडीच्या शाळेत कुणीही हसलं नाही. हसण्यासारखे दिवस राहिले नव्हते.

विज्ञान प्रदर्शनाच्या पूर्वचाचणीचा दिवस होता. प्रयोगशाळेतल्या टेबलावर करसाक्षी यंत्र बसलं होतं. दिसायला प्रेशर कुकरएवढं, पण शिट्टी न होणारं. शेजारी तालुक्याहून आलेले अधिकारी उरणे. वय सव्वीस, चेहरा साठ वर्षांचा. यंत्रातून निघालेला कागद त्यांनी वाचून दाखवला.

"विद्यार्थी बावन्न. वडील सहा. आई चार. म्हैस अडतीस."

"म्हशीचा नमुना कुणी दिला तुम्हाला?" सार्थकच्या वडिलांनी विचारलं.

"माणूस नाही एवढंच यंत्राला कळतं. म्हैस हा माझा अंदाज आहे."

"अंदाज बरोबर हाय. पण साहेब, ती गोठ्यातनं बाहेर आल्याली न्हाई."

"नियमात 'विद्यार्थ्याव्यतिरिक्त इतर' असं आहे. इतरमध्ये म्हैस येते."

"मग तिला सातवीत घाला की."

उरण्यांनी वहीत लिहिलं, 'पालकांकडून सूचना प्राप्त.' मग त्यांनी पुढचा प्रकल्प मागवला.

विज्ञानाच्या बाई तेजस्विनी हुपरे खिडकीपाशी उभ्या होत्या, हात पाठीमागं बांधून. दोन वर्षांपासून महाराष्ट्रातले सगळे मार्गदर्शक शिक्षक असेच उभे राहत. अकरा मुलांचे अकरा प्रकल्प तिनं जूनपासून तयार करून घेतले होते, आणि एकाही प्रकल्पाला बोट लावलं नव्हतं. एका मुलीची वायर उलटी जोडलेली दिसली, तेव्हा तिनं चार फुटांवरून "डावीकडे, अगं तुझं डावं" असं पाऊण तास सांगितलं होतं. स्वतः जोडायला सहा सेकंद लागले असते. घरी जाऊन ती डोकं धरून बसली होती.

करसाक्षी येण्याआधी असं नव्हतं, हे मान्य करायला हवं. तेव्हा प्रदर्शन पाचवी ते आठवीच्या मुलांचं असे आणि स्पर्धा त्यांच्या वडिलांची. ज्या मुलाच्या नावावर हायड्रॉलिक जेसीबीला जिल्ह्यात पहिला नंबर मिळाला, त्याला परीक्षकांनी हायड्रॉलिक म्हणजे काय विचारलं होतं. तो म्हणाला होता, "पप्पा चहाला गेलेत." त्याच वर्षी सरकारनं ठरवलं की आता शास्त्राचाच आधार घ्यायचा.

शास्त्र सरळ होतं. माणसाच्या हातावर असंख्य जीवाणू राहतात. कोणते किती राहतात याचं मिश्रण दर माणसाचं वेगळं असतं. जिन्नस तेच, पण चार घरांचा कांदा-लसूण मसाला चार चवींचा, तसं. ज्या वस्तूला हात लागतो, तिच्यावर त्या मिश्रणाचा अंश मागं राहतो. करसाक्षीची कापूस लावलेली काडी प्रकल्पावर बारा ठिकाणी फिरवायची. यंत्र त्या जीवाणूंची जनुकं वाचतं आणि जूनमध्ये घेतलेल्या नमुन्यांशी ताडून बघतं. विद्यार्थी, आई, वडील, मार्गदर्शक. उरलेलं सगळं 'अनोळखी'. विद्यार्थ्याचा वाटा सत्तर टक्क्यांच्या खाली गेला की प्रकल्प बाद. पुसून आणलेला, जीवाणूच नसलेला प्रकल्प म्हणजे तर गुन्ह्याची कबुलीच.

अडचण एवढीच होती, की यंत्राला हात कळत होता, वाट कळत नव्हती. आईनं पुठ्ठ्याला हात लावला, की आईनं पोराच्या हाताला लावला आणि मग पोरानं पुठ्ठ्याला लावला, दोन्ही यंत्राला सारखंच. पहिल्याच वर्षी वसतिगृहातली मुलं नव्वदच्या वर गेली आणि ज्यांच्या आया शाळेत सोडताना मुका घेत होत्या ती सगळी बाद झाली.

पालक हुशार असतात. दुसऱ्या वर्षी जूनपासूनच स्पर्शबंदी लागली. बाजारात लांब दांड्याचे चिमटे आले. वाढदिवसाचा केक फूटपट्टीवरून भरवला जाऊ लागला. पोराला ताप आला तर कपाळावर हात ठेवण्याआधी बाप विचारी, "प्रदर्शनात आहेस का?" मुख्याध्यापक लाटकर सरांनी तर शाबासकी देण्यासाठी सुताराकडून एक लाकडी हात करून घेतला होता. त्याची थाप खऱ्या हातापेक्षा जोरात बसे. पण तक्रार कुणी करत नसे, कारण ती शाबासकी होती.

तेजस्विनीची मुलगी रेवा त्याच शाळेत सातवीत होती. म्हणजे तेजस्विनी आईही आणि मार्गदर्शकही. संशय दोन्ही बाजूंनी. म्हणून तिच्या घरातली बंदी सगळ्यात कडक. शाळा सुरू झाली त्या सकाळी रेवा नेहमीसारखी कंगवा, तेलाची बाटली आणि रिबिनी घेऊन पुढ्यात येऊन बसली, तेव्हा तेजस्विनी उठून उभी राहिली.

"आजपासून तुझी तू."

"मला मागचा भांग जमत नाही."

"जमेल. आणि ऐक, घरातल्या कुणीही तुला हात लावायचा नाही, की तुझ्या प्रकल्पाला. पप्पांनी पण नाही."

पहिले आठ दिवस रेवाच्या वेण्या झाडूसारख्या होत्या. मग हळूहळू सुधारल्या. ऑगस्टपर्यंत इतक्या चापूनचोपून आणि सारख्या येऊ लागल्या, की तेजस्विनीनं शिक्षकांच्या खोलीत उदाहरण म्हणून सांगितलं. मुलांना मोकळं सोडलं की मुलं शिकतात.

"पुढचा. कुमारी रेवा धैर्यशील हुपरे," उरणे म्हणाले. "विषय, भिंतीतून आवाज किती जातो?"

रेवानं लाकडी चौकट आणली. तिच्यात भिंतींचे पाच तुकडे बसवले होते : वीट, सिमेंटचा ठोकळा, माती, थर्माकोल आणि चार पदरी वाकळ, म्हणजे गोधडी. मागं कर्णा, पुढं आवाज मोजणारा जुना मोबाइल. बारा काड्या फिरल्या. यंत्रानं नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. तेजस्विनीनं पाठीमागचे हात आणखी घट्ट धरले.

"विद्यार्थी एकोणपन्नास. आई तथा मार्गदर्शक तीन. वडील दोन." उरण्यांनी कागद जवळ धरला, लांब धरला. "अनोळखी व्यक्ती, सेहेचाळीस टक्के."

प्रयोगशाळेत अकरा मुलं, नऊ पालक आणि मुख्याध्यापक होते. सगळ्यांनी आधी रेवाकडे पाहिलं आणि मग तेजस्विनीकडे. तेजस्विनीनं फक्त रेवाकडे पाहिलं. रेवा बुटाकडे बघत होती.

"म्हैस असेल," सार्थक आशेनं म्हणाला.

"माणूस आहे," उरणे म्हणाले. "बाई, पूर्वचाचणीचा निकाल बंधनकारक नसतो. पण पंधरा दिवसांनी तालुक्याला असाच आकडा आला, तर नियम अकरा. शाळेचे सगळे प्रकल्प रद्द, तीन वर्षं शाळेला बंदी. आणि तुमचं नाव संशयित मार्गदर्शकांच्या यादीत."

लाटकर सरांनी सवयीनं लाकडी हात उचलला आणि मग तो कशासाठी उचलला हे न सुचून परत कपाटात ठेवला.

*

"कुणी हात लावला?" घरी आल्याआल्या तेजस्विनीनं विचारलं.

"घरातल्या कुणी नाही," रेवा म्हणाली.

"शपथ?"

"शपथ. पप्पांनी पण नाही. हवं तर विचार."

पप्पा, म्हणजे धैर्यशील, पंपाच्या मोटरी रिवाइंड करत असे. त्याचं दुकान स्टँडसमोर होतं. हातात कला होती आणि म्हणूनच तो संशयित होता.

"तुम्ही केलंत का काही? खरं सांगा. दुकानातल्या कुणाकडून करून घेतलंत?"

"मला दोन टक्के आलेत, तेजा."

"तेच विचारतेय. दोन तरी कुठून आले?"

"बाप हाय मी तिचा," धैर्यशील म्हणाला. "दोन पण नको?"

तिनं संशय दुसरीकडे वळवला. गणिताचे घाटगे सर गेल्या वर्षीपासून मार्गदर्शकपदावर डोळा ठेवून होते. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्याकडे असते. तालुक्याला एक प्रोजेक्ट सेंटर निघालं होतं, तिथली माणसं रात्रंदिवस हातमोजे घालून मॉडेलं करतात असं ऐकिवात होतं. त्यातल्या कुणाचा हातमोजा फाटला असेल. तिनं शाळेतल्या सात जणांचे चहाचे उष्टे कप प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून नावं लिहून तालुक्याला नेले. उरण्यांनी पिशव्या मोजल्या.

"बाई, यातला एकही कप प्रदर्शनात नाही."

"एकदा ताडून बघा ना, साहेब."

"कपांसाठी वेगळा अर्ज असतो."

"तो कुठं मिळतो?"

"अजून छापलेला नाही."

ती कप घेऊन परत आली. घाटगे सरांचा आवडता कप हरवल्यानं ते दोन दिवस सगळ्यांकडे संशयानं बघत होते. त्यामुळे तिचाही त्यांच्यावरचा संशय बळावला.

त्यात संध्याकाळची आदळआपट. हुपऱ्यांचं घर मूळचं एक होतं. तीन वर्षांपूर्वी धैर्यशील आणि त्याचा थोरला भाऊ जयवंत यांच्यात फाटलं आणि परसातून आडवी सात फुटी भिंत गेली. भांडणाचं नेमकं कारण काय यावर दोन्ही घरांत एकमत नव्हतं, आणि त्यावरूनही एकदा भांडण झालं होतं. वाटणीचा दावा कोर्टात होता. तेजस्विनी आणि थोरली जाऊ सारिका एकमेकींशी बोलत नव्हत्या. पण जुलैपासून रोज साडेसहाला भिंतीपलीकडून ताटल्या वाजायला लागल्या. आधी ठण, मग थांबून ठण, मग जोरात ठण्ण. सारिकाला भांडी घासताना आवाज करायची सवय कधीच नव्हती. म्हणजे हे मुद्दाम चाललं होतं. तेजस्विनी अर्धा तास सोसत असे आणि सातच्या ठोक्याला स्वतःची परात काढून भिंतीपाशी जाऊन पंधरा मिनिटं घासत असे, घासायची गरज असो वा नसो.

रेवानं भिंतीचा विषय घेतला तेव्हा तेजस्विनीला बरंच वाटलं होतं. पोरीची वही तिनं कधी हातात घेतली नव्हती, नियम म्हणजे नियम, पण लांबून विचारलं होतं, "घरच्या भिंतीची मापं कशी घेतेस?"

"पलीकडनं आवाज येतोच ना रोज. तो मोजते."

जावेच्या दुष्टपणाचा विज्ञानाला उपयोग होतोय, यात तेजस्विनीला एक प्रकारचा न्याय दिसला होता.

आता मात्र तिला कशातच न्याय दिसेना. ती रेवावर पाळत ठेवू लागली. शाळेत पोरगी सरळ होती. डबा एकटी खात होती, कारण तिच्या वर्गातली सगळीच प्रदर्शनवाली मुलं लांब लांब बसून डबा खात. साडेपाचला घरी, कपडे बदलून मागच्या दारानं परसात, भिंत संपते त्या टोकाला. साडेसातला परत. येताना केसांना तेलाचा वास.

तेलाचा वास. चौथ्या दिवशी हे तिच्या लक्षात आलं. घरातली तेलाची बाटली जूनपासून भरलेलीच होती.

शनिवारी साडेसहाला, पलीकडची पहिली ठण झाल्यावर, तिनं न्हाणीघरातली बादली भिंतीपाशी पालथी घातली आणि चढून पाहिलं.

पलीकडच्या कट्ट्यावर सारिका बसली होती. तिच्या दोन गुडघ्यांच्या मधे खालच्या पायरीवर रेवा. रेवाच्या मांडीवर वही. सारिकानं उजव्या हातानं भिंतीला टेकवलेल्या ताटलीवर उलथन्याचा दांडा हाणला, ठण.

"किती?"

"एक्काहत्तर," रेवा मोबाइल बघून म्हणाली. "आता तसंच परत, मोठी आई. जोर बदलू नको."

"मी काय मशीन हाय व्हय?" सारिका म्हणाली. तिनं पुन्हा तेवढ्याच जोरात हाणलं. मग उलथनं ठेवलं, बोटांवर तेल घेतलं आणि रेवाच्या मागच्या भांगातून बोट फिरवलं. रेवानं डोळे मिटून डोकं मागं, सारिकाच्या गुडघ्यावर टेकलं. अगदी सैल सोडून दिलं.

तेजस्विनीनं पाच महिन्यांत आपल्या मुलीचं डोकं असं सैल पडलेलं पाहिलं नव्हतं. पाच महिने तिनं पोरीशी चार फुटांवरून बोलायची इतकी सवय केली होती, की आता सात फुटांवरून बघतानाही तिला पहिल्यांदा वाटलं ते हेच, की अंतर ठीक आहे. दुसऱ्यांदा वाटलं ते तिनं वाटू दिलं नाही. तिचा पाय सरकला. बादली मोठ्यानं गडगडली आणि ती सातसाठी काढून ठेवलेल्या परातीवर बसली.

"झालं," पलीकडून सारिकाचा आवाज आला. "सात वाजले वाटतं तुझ्या आईचे."

"आज लवकर वाजले," रेवा म्हणाली आणि बहुतेक वहीत लिहिलं.

काय लिहिलं ते तेजस्विनीनं त्याच संध्याकाळी पाहिलं. रेवा जेवत असताना तिनं स्वयंपाकघरातल्या चिमट्यानं वहीची पानं उलटली. जुलैपासूनच्या नोंदी होत्या. तारीख, वेळ, ताटलीचा प्रकार, अलीकडचा आवाज, पलीकडचा आवाज. पण रोज सातनंतरच्या ओळीवर काट मारलेली आणि शेरा, 'भिंतीपलीकडून प्रत्युत्तर. वाचन रद्द.' अशी एकशे सात वाचनं रद्द होती. शेवटी स्वच्छ अक्षरात निष्कर्ष, 'सात ते सव्वासात या वेळेत दोन्ही बाजूंनी आवाज असल्यामुळे भिंत किती आवाज अडवते हे सांगता येत नाही.'

तिनं वही मिटली. रेवाला विचारायचं तर आधी आपण बादलीवर का चढलो ते सांगावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी सात वाजता तिनं परात काढली, हातात धरली आणि तशीच परत ठेवली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. वहीत शेरा आला, 'प्रत्युत्तर नाही. वाचन ग्राह्य.'

नियम चौदा तिला पाठ होता. अनोळखी व्यक्ती एकत्र कुटुंबातली असल्याचं सिद्ध झालं, तर तिचा वाटा वजा होतो. पण त्यासाठी ती व्यक्ती स्वतः यावी लागते, नमुना द्यावा लागतो आणि एकत्र कुटुंबाच्या घोषणेवर दोघांच्या सह्या लागतात. इकडे कोर्टात धैर्यशीलनं लिहून दिलं होतं की दोन्ही घरं पूर्णपणे विभक्त आहेत, चूल वेगळी, येणंजाणं नाही. उरलेले दिवस तेजस्विनीनं नियम चौदा रोज वाचला आणि रोज बाजूला ठेवला. रेवाला पलीकडे जाऊ नको म्हणणं तेवढं सोपं होतं. तेही तिला जमलं नाही.

*

तालुक्याचं प्रदर्शन बाजार समितीच्या हॉलमध्ये होतं. सार्थकचा प्रकल्प चौऱ्याऐंशी टक्क्यांनी पास झाला. म्हैस पंधरा दिवसांसाठी मामाकडे पाठवली होती. हरणवाडीचे दहा प्रकल्प पात्र ठरले. अकरावा टेबलावर होता.

"विद्यार्थी सत्तेचाळीस," उरणे म्हणाले. "अनोळखी व्यक्ती पन्नास." बाकीचे तीन कुणाचे हे त्यांनी वाचलंही नाही. "बाई, वाढलंय."

मागं दहा मुलं आपापले प्रकल्प धरून उभी होती. आता ते परत न्यायचे की कसं, हे त्यांना कळत नव्हतं.

तेजस्विनी खाली वाकली. रेवाच्या तोंडासमोर तोंड आणलं.

"मी तुला काय सांगितलं होतं?"

"घरातल्या कुणी हात लावायचा नाही."

"मग?"

"मोठी आई घरातली नाही ना आता," रेवा म्हणाली. तिचा आवाज चोरट्यासारखा नव्हता. वहीतल्या निष्कर्षासारखा होता. "तूच म्हणतेस. कोर्टात पण लिहिलंय. मग ती चालते. आणि भिंतीच्या पलीकडं कुणीतरी लागतंच, मम्मी. एका बाजूनं भिंत मोजता येत नाही."

उरण्यांनी घड्याळ पाहिलं. "नियम चौदा लावायचा असेल तर एक तास आहे."

सारिकाचा नंबर तेजस्विनीनं मोबाइलमधून तीन वर्षांपूर्वीच काढून टाकला होता. पण पाठ होता.

"हॅलो. मी बोलतेय."

"मी म्हंजे?"

"तेजस्विनी."

"कुठली? आमच्या वळखीत एक हाय, पण ती फोन करत नसती."

"ताई, रेवाच्या प्रदर्शनाला या. तासाभरात. हाताचा नमुना द्यायचाय."

पलीकडे परात सरकल्याचा आवाज आला. मग, "कुठल्या हाताचा?"

"दोन्ही."

"कणीक मळालीय मी. धुऊन येऊ का तशीच?"

तेजस्विनीनं उरण्यांकडे पाहिलं. "तशीच," उरणे म्हणाले. "नमुना नैसर्गिक हवा."

पन्नास मिनिटांनी सारिका हॉलच्या दारात उतरली. जयवंतच्या मोटारसायकलवर मागं बसून, अकरा किलोमीटर, दोन्ही कणकीचे हात हवेत धरून. दारातल्या लोकांनी तिला वाट करून दिली. तिनं तेजस्विनीकडे बघितलं नाही. सरळ टेबलाशी गेली आणि हात पुढं केले.

उरण्यांनी तिचा नमुना घेतला. मग तेजस्विनीचाही ताजा घेतला. यंत्र घुरघुरलं.

"ताई, प्रकल्पावरचा अनोळखी हात तुमचाच. आता कुटुंबाची जुळणी." त्यांनी दुसरा कागद ओढला. "बाईंचा जूनमधला नमुना आणि तुमचा, जुळणी एकतीस टक्के. बाईंचा आजचा नमुना आणि तुमचा," आणि इथं त्यांच्या साठीतल्या चेहऱ्यावर पहिल्यांदा सव्विसावं वर्ष दिसलं, "एकोणऐंशी. पंचाहत्तरच्या वर असलं की यंत्र एकत्र कुटुंब धरतं. एका ताटात जेवणाऱ्या सख्ख्या बहिणींचं इतकं येतं."

"मशीन बिघडलंय," तेजस्विनी म्हणाली.

"पूर्ण बिघडलंय," सारिका म्हणाली.

"तीन वर्षं झाली, आम्ही बोलत नाही."

"तोंड बघत न्हाई एकमेकीचं!"

"मधे सात फुटी भिंत आहे, साहेब. येऊन बघा."

"आम्हीच बांधलीया. निम्म्या विटा माझ्या हायत."

"यंत्राला बोलणं कळत नाही," उरणे म्हणाले. "ही मुलगी रोज तुमच्याकडून उठते आणि यांच्या घरी जाते. कडीला हात लावते, पेल्याला लावते, चादरीला लावते. मग तोच पेला बाई घासतात. बाई मुलीला हात लावत नसतील. पण पेला तर लावतात ना? आणि इकडचंही तसंच तिकडे जातं."

"मग परत तपासा," तेजस्विनी म्हणाली.

"दोनदा तपासा," सारिका म्हणाली. "हिच्यासंगं माझं एकोणऐंशी? माझं माझ्या नवऱ्यासंगं इतकं न्हाई."

दारात उभा असलेला जयवंत दुसरीकडे बघू लागला. दोघी जावा टेबलावर वाकून, खांद्याला खांदा लावून, आपला एकमेकींशी काहीही संबंध नाही हे तावातावानं पटवून देत होत्या. एकीचं वाक्य अर्धं राहिलं की दुसरी पुरं करत होती. मागच्या दहा मुलांनी प्रकल्प खाली ठेवले आणि नीट ऐकू लागली.

"संपलं का?" उरण्यांनी विचारलं. "तपासणी एकदाच होते. यंत्राचं मत झालं. पण घोषणा तुम्हाला करायचीय. सह्या करा, पन्नास टक्के वजा होतात आणि मुलगी चौऱ्याण्णववर जाते. नका करू, तर शाळा बाद. पाच मिनिटं उरलीत."

घोषणापत्र चार पानांचं होतं. बारीक अक्षर. तेजस्विनीच्या पर्समध्ये मोबाइल वाजला. धैर्यशील. त्याला कुणीतरी सांगितलेलं दिसत होतं. तिनं तो वाजू दिला. ती आजवर गॅसच्या पावतीवरही पाठची बाजू वाचल्याशिवाय सही करत नसे. हातात पेन घेऊन तिनं पहिल्या पानाकडे पाहिलं, मग रेवाकडे. रेवा चौकटीतल्या विटेच्या तुकड्याला आधार देऊन उभी होती, आणि आईकडे अशा नजरेनं बघत होती जशी ती मोबाइलवरच्या आकड्याकडे बघे. काय येईल ते येईल, लिहून घ्यायचं.

तेजस्विनीनं थेट शेवटचं पान काढलं आणि सही केली.

सारिकानं कणकीची बोटं पदराला पुसली. "केलीस?"

"केली."

"वाचून केलीस?"

"नाही."

सारिकानं तिच्या हातातलं पेन घेतलं. "मग मी पण न वाचताच करती."

"न वाचता सही चालत नाही हो," उरणे म्हणाले. "खाली लिहिलंय तसं."

"तुम्ही गप्प बसा," दोघी म्हणाल्या.